हुनर हातात, कागद कुठे? : बेरोजगार मुलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण आणि रोजच्या कामाची कौशल्ये

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या दारात दोन प्रकारचे पालक येतात. पहिले पेढे घेऊन येतात आणि विचारतात, "सर, सायन्स घेऊ की कॉमर्स?" दुसरे चार दिवसांनी येतात. शाळा सुटायच्या वेळेला येतात, बाहेर उभे राहतात आणि हळूच म्हणतात, "सर, पोरगा दोन विषयांत गेला. मामाच्या गॅरेजवर पाठवू का?" पहिल्या पालकांशी आम्ही अर्धा तास बोलतो. दुसऱ्यांना "सप्लिमेंटरीचा फॉर्म भरा" एवढे सांगून मोकळे होतो. ही आमची चूक आहे आणि ती एकट्या आमच्या शाळेची नाही. म्हणून हा लेख त्या दुसऱ्या पालकांसाठी आहे. बारावी किंवा बीए करूनही घरी बसलेल्या मुलामुलींसाठीही आहे.

गॅरेजवर जाणे वाईट आहे असे आम्हाला अजिबात म्हणायचे नाही. आपल्या समाजात उस्ताद-शागिर्दाची परंपरा जुनी आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे लूम, मोहल्ल्यातले वेल्डिंगचे दुकान, शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम, फ्रीज-एसी दुरुस्ती, सगळे असेच हातातून हातात आले. २००५ साली नेमलेल्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हेच नोंदवले की मुसलमान कामगारांत स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणारे जास्त आणि पगारी, कायम नोकरीत असणारे कमी. म्हणजे हुनर आहे, पण त्या हुनराची कुठे नोंद नाही. पंधरा वर्षे मोटर वाइंडिंग करणारा माणूस कारखान्यात गेला तर हेल्पर म्हणून लागतो, आणि त्याच्यापेक्षा कमी काम येणारा पण आयटीआय झालेला मुलगा टेक्निशियन म्हणून लागतो. यात अन्याय आहे हे खरे. पण गेटवरचा माणूस आधी सर्टिफिकेट मागतो, हात नंतर बघतो. त्यामुळे हुनराला कागद कसा जोडायचा, तेच आधी पाहू.

आयटीआय : सर्वांत भक्कम रस्ता

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्याला आयटीआय म्हणतो, तिच्यामागची केंद्राची शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. महाराष्ट्रात हे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय बघते. प्रवेश ऑनलाइन होतात. फॉर्म दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात आणि गुणांवर यादी लागते. खासगी कॉलेजच्या तुलनेत सरकारी आयटीआयची फी अगदी किरकोळ असते.

इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, रेफ्रिजरेशन-एसी हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, शिवणकाम, संगणकाचा कोपा हे एक वर्षाचे. बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते. इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला तर दहावीत गणित आणि विज्ञान असावे लागते. पण वेल्डर, वायरमन, शिवणकाम असे काही ट्रेड आठवीच्या पात्रतेवरही आहेत. हे पालकांना माहीतच नसते. दहावी नापास मुलाचे सगळे दरवाजे बंद झाले असे समजून ते त्याला कामाला लावतात, आणि वर्षभराने कुणीतरी सांगते की वायरमनला फॉर्म भरता आला असता.

आमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या बाबतीत असे झाले. तो नववीत असल्यापासून मोहल्ल्यातल्या शादीच्या मंडपाला लाइटिंग करायचा. हात साफ होता. दहावीत इंग्रजी आणि गणित राहिले. आम्ही त्याला पुन्हा परीक्षेला बसायला सांगितले, ते बरोबरच होते. पण आयटीआयच्या फॉर्मची तारीख सांगितली नाही, कारण ती आम्हालाच ठाऊक नव्हती. पुन्हा एका विषयात राहिला, तोपर्यंत प्रवेश संपले होते. त्याने एक वर्ष कॅटरिंगवाल्याकडे ताटे उचलली. पुढच्या वर्षी वायरमनला लागला आणि आता ठीक आहे. पण ते एक वर्ष आमच्या हलगर्जीपणाचे होते, त्याचे नव्हते. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात आम्ही नोटीस बोर्डावर आयटीआयची माहिती लावतो आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरही चार पालकांना सांगतो.

कोणता ट्रेड घ्यावा हा प्रश्न हमखास येतो. मित्र जिकडे गेला तिकडे जाण्यापेक्षा आपल्या गावात आणि जवळच्या एमआयडीसीत कोणते काम चालते ते आधी बघावे. ज्या गावात एकही मोठा कारखाना नाही तिथे टर्नर झालेल्या मुलाला बाहेरगावी जावेच लागेल. मन तयार असेल तर जरूर घ्यावा. घराजवळ राहूनच कमवायचे असेल तर इलेक्ट्रिशियन, वायरमन, एसी-फ्रीज, प्लंबर यांना प्रत्येक गावात काम आहे. एसी-फ्रीजचे काम करणारे उन्हाळ्यात जेवायलाही घरी येत नाहीत, हे आपण पाहतोच. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन झालेल्यांनी पुढे वायरमन परवाना जरूर काढावा. परवान्याशिवाय मोठ्या बिल्डिंगचे काम स्वतःच्या नावावर घेता येत नाही. दुसऱ्याच्या परवान्याखाली राबावे लागते आणि नफा त्याला जातो.

"आयटीआय केले की शिक्षण संपले," असे अनेक वालिद म्हणतात. तसे नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शिवाय राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा दिली की अशा मुलांना बारावीची समकक्षताही मिळते. सरकारी नोकऱ्यांतही आयटीआय लागते. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचे प्रमाणपत्र लागते, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला दहावीबरोबर ठरावीक ट्रेडचे आयटीआय चालते. बीए थर्ड क्लासपेक्षा हे बरे, असे आम्ही एकदा भर मीटिंगमध्ये बोललो आणि दोन सहकारी नाराज झाले. पण मत बदललेले नाही.

आपल्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. राज्यातल्या काही सरकारी आयटीआयमध्ये अल्पसंख्याक उमेदवारांसाठी दुसऱ्या पाळीच्या तुकड्या आहेत. प्रवेशाचा फॉर्म भरताना अल्पसंख्याक असल्याची नोंद नीट केली तरच त्या जागांसाठी विचार होतो. सायबर कॅफेवाला घाईत तो रकाना रिकामा सोडतो, म्हणून फॉर्म भरताना घरचे कुणीतरी शेजारी बसावे.

दाखल्यांचे कुठे अडते

कागदांची यादी लांबलचक नाही : दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रहिवास दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. अडते ते जातीच्या दाखल्यावर. मोमीन, अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार, अत्तार, कुरेशी अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेले असते. तेव्हाच्या गुरुजींनी विचारले नाही, आजोबांनी सांगितले नाही. मग नातू वणवण फिरतो.

यावर उपाय एकच, वेळेआधी सुरुवात करणे. चुलत आजोबा, आजोबांची बहीण, खरेदीखत, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी महसुली कागदपत्रे, कुठे ना कुठे बिरादरीचा उल्लेख सापडतो. हे काम निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. आठवीत असतानाच सुरू करावे. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांच्या भावाच्या विक्रीखतात "मोमीन" शब्द सापडला आणि त्या एका कागदावर घरातल्या पाच मुलांची कामे झाली. त्या कागदाची झेरॉक्स त्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे, आणि हक्काने सगळ्यांना दाखवतात.

नावाचेही तसेच. शाळेत "शेख मो. इम्रान", आधारवर "इम्रान शेख", बँकेत तिसरेच. प्रत्येक ठिकाणी एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. ही किरकोळ वाटणारी गोष्ट पुढे स्टायपेंड खात्यात जमा होण्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे आडवी येते.

शाळा सुटलेल्यांसाठी

ज्यांची शाळाच सातवी-आठवीत सुटली, त्यांनी काय करायचे? राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे दहावीला पाच विषय लागतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेक विषय सोडवत जाता येते. मदरशातून बाहेर पडलेल्या मुलांना हा मार्ग सोयीचा पडतो, उर्दू माध्यमाचीही सोय आहे.

मात्र इथे एक मेख आहे. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचे नाही, म्हणून मुले गणित टाळतात. मग दहावी पास होऊनही इलेक्ट्रिशियनला अर्ज करता येत नाही, कारण तिथे गणित-विज्ञान लागते. ज्याला तांत्रिक लाइनला जायचे आहे त्याने हे दोन विषय घ्यावेतच. मग एखाद्या विषयाला तीनदा बसावे लागले तरी चालेल.

दीन आणि हुनर एकत्र शिकवता येते याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या जामियात मदरशाच्या शिक्षणासोबत आयटीआय, पॉलिटेक्निक, फार्मसीही उभे राहिले. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे भायखळ्यातले साबू सिद्दीक तर कित्येक पिढ्यांच्या तोंडी आहे. कोकणातून, मराठवाड्यातून मुंबईला आलेली किती तरी मुले तिथून शिकून कामाला लागली.

आयटीआय न करताही

प्रत्येकाला एक-दोन वर्षे देणे जमत नाही. घरी कमावणारा एकच असेल तर अम्मी म्हणते, "दो महिने में कुछ सीख ले." अशांसाठी छोटे अभ्यासक्रम आहेत.

जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आरसेटी, ही आम्हाला यातली सर्वांत उपयोगी वाटते. प्रशिक्षण मोफत, राहणे-जेवणही मोफत. मोबाइल दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, एसी-फ्रीज, शिवणकाम, ब्युटी पार्लर, शेळीपालन असे कोर्स काही दिवसांचे ते महिना-दीड महिन्याचे असतात. खास गोष्ट म्हणजे कोर्स संपल्यावर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावाही संस्थाच करते. नावात ग्रामीण असल्याने प्राधान्य गावच्या मुलांना. आपल्या जिल्ह्यातली आरसेटी कुठे आहे हे लीड बँकेच्या कार्यालयात विचारले तर लगेच सांगतात.

जन शिक्षण संस्थान शहरातही चालते. कमी शिकलेल्यांसाठी आणि शाळा सुटलेल्यांसाठी ही योजना आहे. तिची सुरुवात १९६७ मध्ये मुंबईतल्या श्रमिक विद्यापीठाने झाली, हे फार जणांना माहीत नाही. इथे मुली आणि गृहिणी मोठ्या संख्येने शिकतात. प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ पासून आहे. तिचे केंद्र निवडताना जपून निवडावे. काही केंद्रांत मशीनच नसतात, फक्त फळा असतो. प्रवेश घेण्याआधी एकदा अचानक जाऊन प्रॅक्टिकल चालू आहे का ते बघावे.

आणि आता ज्यांच्यापासून लेख सुरू केला त्यांच्याकडे येऊ, म्हणजे काम येते पण कागद नाही असे लोक. त्यांच्यासाठी कौशल विकास योजनेतच "पूर्वज्ञानाची मान्यता" असा भाग आहे, इंग्रजी अक्षरांत त्याला आरपीएल म्हणतात. यात पुन्हा शिकायला लागत नाही. थोडी ओळख करून देतात, मग काम करून दाखवायचे, तपासणारा माणूस बघतो आणि प्रमाणपत्र मिळते. हे आयटीआयच्या बरोबरीचे नाही, ते स्पष्ट सांगायला हवे. पण मोठ्या ठेकेदाराकडे किंवा परदेशी जाताना त्याचा उपयोग होतो.

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात १८ कामे आहेत : सुतार, लोहार, कुलूप-किल्ली करणारे, शिंपी, गवंडी, न्हावी, धोबी, मासेमारीचे जाळे विणणारे, झाडू-टोपल्या करणारे वगैरे. काही दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सेवा केंद्रातून होते. लक्षात घ्या, यादीत लूम कामगार नाही आणि गॅरेज मेकॅनिकही नाही. त्यांच्याकडून कुणी "विश्वकर्मात नाव घालतो" म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे.

शिकाऊ उमेदवारी

आयटीआय झाले, आता नोकरी कुठे? इथेच बहुतेक मुले घाई करतात आणि ठेकेदाराकडे रोजंदारीवर जातात. त्याआधी अप्रेंटिसशिप करावी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे या कायद्याखाली बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्यातला काही वाटा सरकार उचलते. नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर मोफत होते. एसटी महामंडळाचे डेपो, महावितरण, रेल्वेचे वर्कशॉप, मोठ्या वाहन कंपन्या दरवर्षी मुले घेतात.

सात हजारांत काय भागते, असे मुले विचारतात. खरे आहे, भागत नाही. भंगारच्या धंद्यात याच्या दुप्पट मिळतात. पण वर्षभरानंतर परीक्षा देऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते ते पुढे नोकरीच्या जाहिरातींत गुण वाढवते. शिवाय वर्षभर मोठ्या कारखान्यात वावरल्यावर हेल्मेट, गेटपास, शिफ्ट, सुपरवायझर यांची भीती राहत नाही. ज्या घरात हे वर्ष काढणे शक्य नाही, तिथे मोहल्ल्याच्या बैतुलमालने किंवा जमातीने मदत करावी, असे आम्हाला वाटते. जकातीतून रेशनचे किट देतात, चांगलेच आहे. पण गरजू मुलाच्या रूमचे भाडे वर्षभर दिले किंवा त्याला ड्रिल मशीन आणि मल्टीमीटर घेऊन दिला, तर पुढच्या रमजानपर्यंत तो कमावता होतो.

बारावी किंवा पदवी झालेल्या पण अनुभव नसलेल्यांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, वय १८ ते ३५. ही नोकरी नाही, मुदतीचे प्रशिक्षण आहे. कायम करतील या आशेवर राहू नये. तिथे संगणकावरचे कार्यालयीन काम आणि मराठी टायपिंग शिकून घ्यावे.

जीवन कौशल्ये म्हणजे नेमके काय

हा शब्द ऐकला की मुले जांभई देतात. जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवन कौशल्ये सांगितली आहेत : स्वतःची ओळख, दुसऱ्याचे दुःख समजणे, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, अडचण सोडवणे, नीट संवाद, नाती सांभाळणे, ताण सोसणे आणि भावना आवरणे. बीएडला आम्हीही ही यादी पाठ केली होती. आयटीआयमध्येही रोजगारक्षमता कौशल्ये हा विषय असतो. पण यादी पाठ करून काही होत नाही, कामाच्या जागी ती कशी लागतात ते पाहावे लागते.

हिशेबापासून सुरुवात करू. समजा घराच्या वायरिंगचे काम आले. ३० पॉइंट, पॉइंटला २५० रुपये मजुरी, म्हणजे ७,५०० रुपये. मुलगा खूश. हेल्परला रोज ५००. काम सहा दिवसांत झाले तर हेल्परचे ३,०००, पेट्रोल-चहाचे ६००. उरले ३,९००, म्हणजे रोजचे ६५०. ठीक आहे. पण प्लास्टरवाला आला नाही, काम नऊ दिवस लांबले. आता हेल्परचे ४,५००, पेट्रोल-चहाचे ९००, उरले २,१००. रोजचे २३३ रुपये. हेल्परपेक्षा कमी! आणि मुलाला कळतही नाही की तोटा कुठे झाला, तो म्हणतो, "बरकत नहीं है." बरकत होती, बोलणी चुकली. थांबावे लागले तर हेल्परचा रोज कोण देणार, हे काम घेतानाच बोलून एका कागदावर लिहून घ्यायला हवे होते. निर्णय घेणे, संवाद आणि अडचण सोडवणे ही तिन्ही कौशल्ये या एका कागदात आली.

त्यानंतर भाषा. इथे उर्दू शाळेतले शिक्षक म्हणून आमच्या मनात जास्त खंत आहे. आमची मुले उर्दू सुरेख लिहितात, हिंदी समजतात, पण मराठीत अर्ज लिहायचा म्हटले की पेन थांबते. तहसीलमध्ये, महावितरणच्या कार्यालयात, ग्रामपंचायतीत मराठीच चालते. मुलगा काम चांगले करतो पण साहेबाशी बोलायला मित्राला पुढे करतो, मग ठेका मित्राच्या नावावर होतो. यासाठी क्लास लावायची गरज नाही. रोज मराठी पेपरचे एक पान मोठ्याने वाचावे, ग्राहकाशी मराठीत बोलावे, चुकले तर चुकू द्यावे. आमच्या शाळेत आठवड्यातून एक तास मुलांना मराठी अर्ज, पावती, कोटेशन लिहायला लावतो. पहिल्या महिन्यात "माननीय" लिहिताना वर्ग हसत होता. आता बाहेरचे लोकही त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतात.

वेळेचे काय सांगावे! "आता येतो" म्हणून संध्याकाळी जाणे, फोन न उचलणे, अर्धे काम टाकून दुसरीकडे पळणे, यानेच चांगले कारागीर ग्राहक गमावतात. येता येत नसेल तर फोन करून सांगावे. एवढे केले तरी दहातले सात ग्राहक थांबतात, हे आम्हाला एका जुन्या प्लंबरचाचांनी सांगितले. आकडा त्यांचा, पण अनुभव आमचाही तोच आहे.

राग आवरणे आणि बेकारीचा ताण सोसणे याबद्दल घरच्यांना सांगायचे आहे. मुलगा सहा महिने घरी बसला की घरात रोज टोमणे सुरू होतात. "फलाने का बेटा देखो." मग तो घरी यायचे टाळतो, रात्री नाक्यावर बसतो, मोबाइलवर पैसे लावायचे गेम खेळतो, कर्ज देणारी अॅप डाउनलोड करतो. मुलगा गप्प झाला, झोप उडाली, चिडचिड वाढली तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा शांतपणे बसवून विचारा. गरज वाटली तर सरकारी दवाखान्यात मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन, टेली मानस, २०२२ पासून चालू आहे.

मुलींसाठी फक्त शिलाई मशीन?

मुलगी बेकार असली तर तिला बेकार म्हणतच नाहीत. घरी आहे म्हणतात. संस्थाही मशीन वाटतात, फोटो काढतात. मशीन मिळते पण कपडा कोण आणून देणार, दर कोण ठरवणार, हे कुणी बघत नाही. मग गल्लीतल्या दहा मुली एकाच दहा ब्लाउजवर अवलंबून राहतात. शिवायचेच असेल तर आयटीआयचा शिवणकामाचा ट्रेड करावा, मापे आणि कटिंग शिकावी, शाळेचे गणवेश, हॉस्पिटलचे कपडे अशी घाऊक कामे दोन-तीन जणींनी मिळून घ्यावीत.

आणि शिवणापलीकडेही पाहावे. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, काही शहरांत मुलींची स्वतंत्र आयटीआयही आहे. कोपा, इलेक्ट्रॉनिक्स, रुग्णसेवा यांत मुली छान काम करतात. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने कोपा करून एका दवाखान्यात बिलिंगचे काम धरले. सुरुवातीला घरचे नको म्हणत होते. आता तिच्या पगारातून धाकट्या भावाची आयटीआयची फी जाते.

गल्फला जाण्याआधी

कोकणात आणि आता मराठवाड्यातही मुले आखाती देशांत जातात. तिथेही हेल्पर आणि टेक्निशियन यांच्या पगारात मोठा फरक असतो. दहावी पास असेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची, म्हणजे ईसीआरची, अट राहत नाही. हेही दहावी पूर्ण करायचे एक कारण. एजंट सरकारकडे नोंदणी असलेलाच हवा. त्याचा क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. नियमाप्रमाणे एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. लाख-दीड लाख मागणारा एजंट नियम मोडतो. व्हिजिट व्हिसावर कामाला कधीही जाऊ नये. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण आहे. करारनामा आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.

स्वतःचे दुकान टाकायचे असेल तर

आधी दोन वर्षे दुसऱ्याकडे काम करावे, असा आमचा आग्रह आहे. उधारी कशी वसूल होते ते दुसऱ्याच्या दुकानात शिकलेले स्वस्त पडते. मग उद्यम नोंदणी करावी. ती आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. नोंदणीसाठी दोन-तीन हजार घेणाऱ्या खासगी वेबसाइट सरकारीसारख्या दिसतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

कर्जासाठी केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम योजना आहे. पीएमईजीपीमध्ये अल्पसंख्याक आणि महिला विशेष गटात मोडतात. त्यांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, आणि शहरात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळते. हे अनुदान लगेच हातात येत नाही, बँकेत ठेव म्हणून राहते आणि हप्ते नीट भरले तरच कर्जात वळते होते. अनुदान म्हणजे फुकटचे पैसे असे समजून कर्ज काढणाऱ्यांची नावे पुढे सिबिलमध्ये खराब होतात आणि मग भावालाही बँक दारात उभे करत नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्याही कर्ज योजना आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन सध्या कोणती चालू आहे ते विचारून यावे. व्याज टाळायचे असेल तर काही शहरांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या बैतुलमाल आणि सोसायट्या आहेत, छोट्या अवजारांपुरती त्यांची मदत पुरते.

प्रकल्प अहवाल लिहायला एजंट पाच हजार मागतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या वर्गात तो स्वतः लिहायला शिकवतात. स्वतः लिहिलेला असला की बँक मॅनेजरने "महिन्याला किती गाड्या येतील?" असे विचारल्यावर उत्तर देता येते.

या वर्षी ज्यांच्या घरी दहावीचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी आजच दोन कामे करावीत : आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळते का ते बघावे, आणि जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जाऊन तिथे कोणते ट्रेड आहेत, किती जागा आहेत, गेल्या वर्षी यादी किती टक्क्यांवर थांबली ते लिहून आणावे. मुलालाही सोबत न्यावे. वर्कशॉपमध्ये लेथ चालताना त्याला दहा मिनिटे उभे राहू द्यावे.